चार मिनिटांचा बहिरेपणा

१

रविवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममधून हुकूम सुटला, "सगळे बाहेर या, छत जातंय." तीन सोळाला छत गेलं. मधल्या चार मिनिटांत दलाचा एक लीडर जळत्या गोदामाच्या पहिल्या मजल्यावर उभा राहून आपल्या हँडसेटमध्ये तीनदा म्हणाला, "काही ऐकू येत नाही, परत सांग." चौथ्यांदा म्हणायला तो उरला नाही.

हुकूम देणारी ऑपरेटर त्याची बायको होती.

चौकशी समितीनं दोन दिवसांत निकाल लावला. तीन खुर्च्या आणि एक मत, वेळ लागणार कसला? बाईनं चॅनेलचं बटण चुकीचं फिरवलं, हुकूम भलत्याच चॅनेलवर गेला, नवरा मेला. शुक्रवारी अहवालावर सह्या व्हायच्या होत्या.

बुधवारी सकाळी त्या लीडरची आई माझ्यासमोर येऊन बसली. मी वायरलेस परवाना कार्यालयातली निरीक्षक. कुणाच्या गच्चीवर किती उंच एरियल असावी हे ठरवण्यात माझी तीस वर्षं आणि दोन्ही गुडघे गेले.

"बाई, माझी सून चुकणारी नाही," म्हातारी म्हणाली. "साधी भाजी आणायला सांगितली तरी आधी परत म्हणून दाखवते. तिनं मारलं असं कागदावर आलं तर माझ्या नातीला शाळेत काय ऐकावं लागेल? 'तुझ्या आईनं तुझ्या बापाला मारलं.' पोरं सोडतात होय?"

"मग कुणी मारलं?" मी विचारलं. मला गोड बोलता येत नाही.

"ते तुम्ही शोधायचं. गोदामासमोर बॉम्बवाल्यांची गाडी उभी होती त्या दिवशी. रेडिओ बंद पाडायचं यंत्र असतं ना त्यांच्याकडे? त्याचा परवाना म्हणे तुमच्याच ऑफिसातून मिळतो."

त्या परवान्यावर सही माझीच होती.

२

जॅमर काय करतो? तो शेजारच्या रेडिओच्या कानात बोंबलतो. त्या रेडिओला मग दुसरं काहीच ऐकू येत नाही. पण त्या रेडिओतून कुणी बोललं, तर ते लांब व्यवस्थित पोचतं, कारण लांबच्याच्या कानाशी कुणी बोंबलत नसतं. लीडरचं बोलणं कंट्रोलच्या टेपवर स्वच्छ होतं, आणि त्याला मात्र काही ऐकू येत नव्हतं. चॅनेल चुकला नसेल, तर जॅमर त्याच्याच आसपास होता. समितीतल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर डोकं कशाला लागतं म्हणा!

आमच्या नियमानुसार जॅमर फक्त बॉम्बशोधक पथकाला मिळतो. रिमोटनं बॉम्ब उडू नये म्हणून. किल्ली साहेबांकडे, नोंदवही साहेबांकडे.

"आमचा जॅमर बंद होता, मॅडम," बॉम्बवाले साहेब म्हणाले. "बाजूच्या गल्लीत एक बेवारस बॅग होती म्हणून आलो. बॅगेत जुने बूट निघाले. नोंदवही बघा."

"नोंदवही तुम्हीच लिहिता. बंद होता हे सिद्ध करा, नाहीतर संध्याकाळी सील ठोकते."

"आणि उद्या खरा बॉम्ब सापडला तर?"

"तर हातानं उचला."

साहेबांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, हे आपल्यात राहू दे. आमच्या व्हॅनमध्ये आम्ही अग्निशमन दलाचा चॅनेल ऐकतो."

"तो ऐकायचा परवाना तुम्हाला नाही."

"म्हणून तर बोललो नाही कुणाला!" त्यांनी हवालदाराची चिठ्ठी पुढे केली. 'बाहेर या' तीनदा ऐकल्याची नोंद होती. तीन बारा, तीन तेरा आणि तीन पंधरा.

एका चिठ्ठीत दोन गोष्टी सुटल्या. जॅमर व्हॅनमध्ये चालू असता तर सगळ्यात आधी व्हॅनच बहिरी झाली असती. आणि हुकूम बरोबर चॅनेलवर गेला होता.

"एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा ठपका येतोय आणि तुम्ही ही चिठ्ठी खिशात घालून बसलात?"

"आमचीही नोकरी आहे, मॅडम."

मी जायला उठले आणि चिठ्ठीमागचा नकाशा पाहिला. व्हॅनपासून दहा पावलांवर अग्निशमनचा बंब उभा होता. त्याच्या ड्रायव्हरनं समितीला लेखी दिलं होतं, "मी कंट्रोलला छत वाकल्याचं कळवलं, पण उलट काहीच हुकूम आला नाही." व्हॅनला ऐकू आलं ते बंबाला ऐकू आलं नाही? ड्रायव्हर धडधडीत खोटं बोलत होता.

३

अग्निशमन केंद्रात भिंतीला खुंट्या होत्या, खुंट्यांना जाड कोट. दाराशेजारची खुंटी रिकामी होती. वर तारेनं जोडलेली घंटा होती. आग लागली की कंट्रोल घंटा वाजवतं, मग हँडसेट चालू असो की बंद.

आत दोघं होते. बंबाचा ड्रायव्हर, आणि लीडरबरोबर पहिल्या मजल्यावर गेलेला त्याचा जोडीदार. मी दोघांना एकत्रच बसवलं. दोन खोटारडे शेजारी बसले की एकमेकांकडे बघतात.

"हुकूम ऐकला?"

"नाही," दोघं एका सुरात म्हणाले, आणि बघितलंच एकमेकांकडे.

मी व्हॅनची चिठ्ठी टेबलावर ठेवली. ड्रायव्हरनं ती वाचली आणि डोकं धरलं. "ऐकला, बाई. तीनदा ऐकला. मला वाटलं दादांनीही ऐकला असेल. मी वाट बघत उभा राहिलो."

"तो कंट्रोलला ओरडून सांगत होता, ऐकू येत नाही म्हणून."

"ते आम्हाला कसं कळणार? आमचे हँडसेट एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही कंट्रोलशी बोलतो, कंट्रोल आम्हाला सांगतं. दादा बोलले ते फक्त वहिनींना ऐकू गेलं."

"आणि तू?" मी जोडीदाराला विचारलं.

"वर माझाही सेट मुका होता. गोदामाचा रखवालदार सापडला, त्याला खांद्यावर घेऊन मी जिना उतरलो. मधल्या वळणावर आलो आणि सेट एकदम बोलायला लागला. 'बाहेर या, बाहेर या.' मी वर बघून हाक मारली. पण त्या धुरात, आगीच्या आवाजात..."

"परत वर का नाही गेलास?"

"खांद्यावर माणूस होता, बाई. जिवंत."

"वाचला?"

"नाही."

जिन्याच्या वळणाखाली सेट बोलत होता, वर मुका होता. म्हणजे यंत्र लहान, पल्ला वीस-पंचवीस पावलांचा. आणि ते वरच, लीडरजवळच कुठेतरी होतं.

"त्याच्या खिशातल्या वस्तूंची यादी आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "सुरी, कंगवा, घड्याळ, हँडसेटची जादा बॅटरी. तुम्हाला जादा बॅटऱ्या देतात?"

"आम्हाला?" जोडीदार कडवट हसला. "सकाळी एक मिळते. संपली की—" ड्रायव्हरनं त्याच्या पायावर पाय दिला. मला ते दिसलं, पण माझं डोकं दुसरीकडे होतं. त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

"खोटं का लिहून दिलंत? तुमच्या खोट्यानं एक बाई फासावर चढतेय. रोज वहिनी म्हणता ना तिला?"

ड्रायव्हर रडायला लागला. बाप्या माणूस, पण हुंदके देऊन. "वहिनींनीच सांगितलं, बाई. त्या रात्रीच घरी बोलावून म्हणाल्या, 'हुकूम आलाच नाही असं लिहून द्या.'"

४

आपल्याच गळ्यात फास अडकवणारी बाई मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. पण तिला विचारण्याआधी मला ते यंत्र हवं होतं. हातात काही नसताना विचारलं की माणूस रडतं, आणि आपण पाणी आणून देत बसतो.

गोदामाच्या पहिल्या मजल्याला भिंत लागून एक शिकवणीचा क्लास होता. वर्गात शिरले तर भिंतीवर फळ्याशेजारी चांगला हातभर जॅमर! विनापरवाना. परीक्षेला बसलेल्या मुलांचे मोबाईल बंद पाडायला.

"रविवारी चालू होता?"

"सराव परीक्षा होती ना," क्लासवाले सर म्हणाले. त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं.

दलाचे नवे हँडसेट मोबाईलच्या शेजारच्याच पट्ट्यात चालतात. भिंतीपलीकडे पंधरा पावलांवर लीडर उभा होता. मला वाटलं, सापडला खुनी! मी सीलची लाख काढलीसुद्धा. मग वायरकडे लक्ष गेलं. मशीन भिंतीतल्या सॉकेटवर चालत होतं, बॅटरी नव्हती.

आग विझवायला आलेला बंब पहिलं काम काय करतो? गल्लीची वीज तोडतो. कंट्रोलच्या नोंदीत वेळ होती दोन अठ्ठावन्न. तीन बाराला हे मशीन मेलेलं होतं.

"मॅडम, सोमवारी मोठी परीक्षा आहे," सर म्हणाले. "तोपर्यंत मशीन परत मिळेल ना?"

"भिंतीपलीकडे माणूस मेलाय."

"वाईटच झालं. पण मुलं फार कॉपी करतात हो."

मी सील ठोकलं. जरा जास्तच जोरात ठोकलं. "कुठून घेतलंत हे?"

त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं आणि वर सल्लाही दिला. "तिथे लहानही मिळतात, खिशात मावणारे, बॅटरीवरचे, मोबाईल आणि उपग्रह दोन्ही बंद पाडणारे. ट्रकवाले घेतात. गाडी कुठे उभी करून झोपलोय ते मालकाला दिसू नये म्हणून."

मी जिन्यातच थांबले. बॅटरीवरचे. आणि ड्रायव्हरनं कुणाच्या पायावर पाय दिला होता, कुठल्या शब्दावर? अगं बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा! यंत्र मेलेल्या माणसाच्या कोटातच होतं.

५

दुकानदारानं मला ओळखलं. "या मॅडम! मागच्या वर्षी तुम्हीच आला होतात ना, समज देऊन गेलात."

बरोबर. माझ्या फायलीत माझ्याच अक्षरात होतं, 'समज दिली.' दुकान बंद करायला पोलीस लागतात, पोलीस मागवायला चार पत्रं लागतात, आणि तेव्हा माझी रजा लागली होती. त्या दोन शब्दांनंतर त्यानं किती डब्या विकल्या असतील?

"ट्रकवाल्यांशिवाय कुणी घेतली अशी डबी?"

"एक बाई आल्या होत्या, महिना झाला असेल. नवऱ्याला झोप मिळावी म्हणून हवी म्हणाल्या. मला हसूच आलं. आणि काय सवय हो त्यांची! मी म्हणालो, लाल बटण दाबलं की चालू. तर म्हणाल्या, 'लाल बटण दाबलं की चालू, बरोबर?' प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायच्या."

मी खाली बसले. त्यानं खुर्ची दिली होती की नाही आठवत नाही.

तिथून कंट्रोल रूम. पाळीवर दुसरा ऑपरेटर होता. त्यानं मला पडदा दाखवला. दलाच्या प्रत्येक हँडसेटचा पडद्यावर एक ठिपका असतो. उपग्रहाचे सिग्नल ऐकून हँडसेट आपली जागा कळवतो. ड्युटी चोवीस तासांची. कुणी दहा मिनिटं हललं नाही की ठिपका लाल, आणि ऑपरेटरनं त्याचं नाव लिहून वर पाठवायचं. झोपला म्हणून.

"आणि उपग्रह ऐकू आला नाही तर?"

"तर करडा. जाड भिंतींत होतो कधी कधी. करड्याचं नाव लिहीत नाहीत."

महिनाभराच्या नोंदी काढल्या. रोज दुपारी दोन ते तीन अख्खं केंद्र करडं. कुणाला काही अडलं नव्हतं, कारण घंटा तारेवरची. रविवारी दोन पन्नासला घंटा वाजली, बंब निघाला. आणि उघड्या रस्त्यावर, स्वच्छ आभाळाखाली, बंबातले सगळे ठिपके करडेच राहिले. गोदामाशी पोचल्यावर ड्रायव्हरचा जिवंत झाला. जोडीदाराचा तीन पंधराला, जिन्यात. लीडरचा शेवटपर्यंत झाला नाही.

रविवारी या पडद्यासमोर कोण बसलं होतं? मी टेप परत ऐकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या हुकुमाच्या मध्ये बरीच जागा होती. तो म्हणत होता, "परत सांग." आणि त्याच्या बायकोच्या बाजूला नुसता श्वास होता.

६

गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी हाताला धरून आत नेलं. "सापडलं ना काहीतरी? मला माहीतच होतं!" सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आतल्या खोलीत सात-आठ वर्षांची नात अभ्यासाला बसली होती. सासूबाईंनी आतलं दार लोटून घेतलं.

"चॅनेल बरोबर होता," मी म्हणाले. "तिनं हुकूम दिला, बाहेर सगळ्यांना ऐकू आला."

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. तिच्या डोळ्यांना धार लागली. सून मात्र तशीच उभी राहिली. तिला कळलं होतं मी कशासाठी आलेय.

"त्याच्या खिशातल्या वस्तू कुठे आहेत?"

"माझ्याजवळ," सासूबाई म्हणाल्या, आणि उशाखालून कापडात गुंडाळलेलं पुडकं काढलं. सुरी, कंगवा, घड्याळ. आणि काळी, एका कडेला वितळलेली डबी. "ही बॅटरी त्याच्या छातीवरच्या खिशात होती. मी जवळ घेऊन झोपते."

वितळलेल्या कडेवर लाल बटण होतं. मी ते बघितलं, सुनेनं मला बघताना बघितलं. तिनं ती डबी सासूच्या उशाखालून काढायचा प्रयत्न केला असेल का? केला तरी काय सांगून केला असता?

"तू बोलतेस की मी बोलू?"

ती बोलली. कंट्रोल रूममधल्यासारखीच, आवाज न चढवता. "त्याचं नाव मी तीनदा लिहिलं. लिहिलं नसतं तर मला काढलं असतं. तिसऱ्यांदा वरिष्ठ त्याला सगळ्या केंद्रासमोर उभं करून बोलले. घरी आला तर मला एक शब्द बोलला नाही. म्हणून आणली डबी. मीच."

"ती त्याच्या कोटात कशी?"

"लीडरच्या कोटाची झडती कुणी घेत नाही. दुपारी सगळे पडायचे तेव्हा चालू करायची. घंटा झाली की जो शेवटी बाहेर पडेल त्यानं बंद करायची, असं त्यांचं ठरलेलं."

"आणि कोट लीडरचा. लीडर सगळ्यात आधी कोट घालून बंबात."

"हो. शेवटच्याला वाटलं दादांनी केली. त्याला वाटलं शेवटच्यानं केली."

सासूबाई डबीकडे बघत होत्या. त्यांना अजून सगळं कळलं नव्हतं. मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी थांबले नाही, माझा स्वभावच तसा मेला.

"ठिपके रस्त्यावरच करडे होते. तुला दिसले."

"दिसले."

"तो पहिल्यांदा 'ऐकू येत नाही' म्हणाला, तेव्हा त्याचं कारण तुला कळलं. जगात फक्त तुलाच कळलं. ड्रायव्हरला एक वाक्य सांगायचं होतं, 'वर जा, त्याला ऐकू येत नाही.' अख्खी चार मिनिटं होती तुझ्याकडे."

"टेप चालू होती," ती म्हणाली. "का ऐकू येत नाही, असं नंतर विचारलं असतं. ज्यात डबी येणार नाही असं वाक्य मी शोधत होते." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सापडलं, बाई. बोलायच्या बटणावर बोट ठेवलं, तेव्हा तीन सोळा झाले होते."

म्हणून तिला चॅनेल चुकल्याचा आरोप चालत होता. हात चुकला म्हटल्यावर लोक निदान कीव करतात.

सासूबाईंनी डबी अगदी सावकाश माझ्या हातात दिली. मग सुनेकडे वळल्या. "त्या दुपारी तो झोपला होता का गं? घंटा होईपर्यंत?"

"ठिपका करडा होता, आई. करड्यात झोपलेला की जागा, काही कळत नाही."

मी वही काढली. बॉम्बवाल्यांची चोरून ऐकणारी व्हॅन, सरांचं भिंतीवरचं मशीन, दुकान, माझी 'समज', डबी, सगळं एकाच अहवालात जाणार होतं. पुढे त्यावरून नियम कडक झाला. करडा ठिपकाही झोपलेला धरायचा, असं ठरलं. ड्युटी चोवीस तासांचीच राहिली.

"शुक्रवारी काय लिहाल?" सासूबाईंनी विचारलं.

"चॅनेल बरोबर होता. आणि पुढचं सगळं."

"लिहा." त्या भिंतीला धरून उठल्या, आतलं दार उघडलं आणि नातीला हाक मारली. "बाळ, पुस्तकं आवर. आत्याकडे जायचंय आपल्याला, राहायला."

सून दारातून पुढे आली आणि खुंटीवरची मुलीची पिशवी काढायला लागली.

"तू नको," सासूबाई म्हणाल्या.